जिवंत बहिणीची मेणबत्ती

फ्रूमाच्या दुकानातून कुणी रिकाम्या हाताने परत गेलं नाही, आणि बोलणी खाल्ल्याशिवाय तर मुळीच नाही. मोंटेव्हिडिओत, व्हिया मुन्योस वस्तीच्या उतारावर, रंग उडालेल्या निळ्या दारामागे तिची खारवलेल्या काकड्यांची पिंपं ओळीने उभी असायची. शेपू, लसूण आणि खारं पाणी यांचा वास पार कोपऱ्यापर्यंत यायचा. एखाद्या बाईने काकडी हातात घेऊन दाबून बघितली, की फ्रूमा बाह्या सारत म्हणायची, "बाई, काकडी आहे ती, जावई नाही. एवढं पारखून काय घेताय?" बाई लाजायची, हसायची आणि जाताना दोन काकड्या जास्तच घेऊन जायची.

अशी ही फटकळ बाई, पण पोटच्या पोरीला कधी नावाने हाक मारायची नाही. "ए पोरी", "अगं ए", "कुठे उलथलीस?", "महाराणी, जरा मासा चिरता का?" हे सगळं चालायचं, नाव तेवढं नाही. मुलीचं नाव शिफ्रा. सगळी गल्ली तिला लाडाने शिफ्रिता म्हणायची, शेजारपाजारची स्पॅनिश माणसंसुद्धा. एकदा पोरीने चिडून विचारलंच, "आई, माझं नाव तरी आठवतं का तुला? की मी पण गिऱ्हाईक?" फ्रूमा हातातली सुरी न थांबवता म्हणाली, "गिऱ्हाईक पैसे देतं. तू फुकट खातेस." पोरगी पाय आपटत आत निघून गेली. आम्हा लोकांना वाटायचं, छळछावणीतून वाचलेली बाई, डोक्यातला एखादा खिळा सैल झाला असेल. तर्क लढवायला कुणाचं काय जातं?

खरं कारण एकट्या फ्रूमाला ठाऊक होतं. ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

शिफ्रा हे नाव मुळात तिच्या धाकट्या बहिणीचं. पोलंडातल्या एका नदीकाठच्या गावात यांकेव्ह नावाचा माणूस घराघरांच्या खिडक्यांना काचा बसवायचा, त्याच्या या दोघी मुली. फ्रूमा थोरली, भित्री आणि गोड बोलणारी. धाकटी शिफ्रा म्हणजे फटाका. लहानपणी बापाच्या काचांशी खेळताना तिची डावी भुवई मधोमध चिरली होती, आणि ती खूण ती शौर्यपदक असल्यासारखी मिरवायची. फ्रूमाला खोटं बोलायची सवय नव्हती. बोललीच तर हाताला लागेल ते कापड चुरगळत राहायची. शिफ्रा लगेच पकडायची, "आधी तो एप्रन सोड, मग बोल!" पुढे काकड्या विकताना फ्रूमाच्या तोंडी जी फटकळ वाक्यं आली ना, ती सगळी त्या धाकटीची. फ्रूमाची स्वतःची त्यांत एकही नव्हती.

आईबाप आणि भाऊ पहिल्याच वर्षी गेले. कसे गेले ते फ्रूमा बोलली नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या गल्लीत ही रीतच होती, ज्याचं त्याने सांगितलं तर ऐकायचं. छावणीत दोघी बहिणी एकाच फळीवर झोपायच्या. शेवटच्या हिवाळ्यात फ्रूमा तापाने आडवी झाली. सकाळच्या हजेरीला ज्याला उभं राहता येत नसे त्याला कुठे नेतात, हे सगळ्यांना माहीत होतं. शिफ्राने तिच्या गालांना चिमटे काढून काढून ते लाल केले, तिला ओढत बाहेर नेलं, आपला खांदा तिच्या काखेखाली दिला आणि ताठ उभी राहिली. पंधरा वर्षांची पोर ती! आणि वर कानात कुजबुजत होती, "पडलीस तर याद राख. मेलीस तर जन्मात बोलणार नाही तुझ्याशी." त्या बर्फात, त्या तापात फ्रूमाला हसू फुटलं. पहारेकरी पुढे निघून गेला. ताप उतरेपर्यंत रोज सकाळी शिफ्राने हेच केलं.

मग तिलाच टायफस झाला. तिला आजाऱ्यांच्या बराकीत नेऊन टाकलं. दुसऱ्याच दिवशी तोफांचे आवाज जवळ आले आणि ज्यांना चालता येत होतं त्या सगळ्यांना छावणीबाहेर हाकललं. फ्रूमाला चालता येत होतं. ती त्या बराकीच्या दारावरून गेली. आत शिरता आलं असतं का? बहिणीला कवटाळून तिथेच पडून राहता आलं असतं का? बंदुका होत्या, कुत्रे होते, शिरली असती तर तिथेच संपली असती. सगळे असंच म्हणायचे, फ्रूमाही स्वतःला असंच सांगायची. पण शिफ्राने खांदा दिला तेव्हाही बंदुका होत्याच, कुत्रेही होतेच. हे मात्र तिने कुणाजवळ काढलं नाही.

वाटेत शेजारून चालणारी एक बाई म्हणाली, मागे आजाऱ्यांची बराक पेटवून दिली, आतलं कुणी सुटलं नाही. तिने स्वतः पाहिलं नव्हतं, तिलाही कुणीतरी सांगितलं होतं.

युद्ध संपल्यावर फ्रूमाने शोध शोध शोधलं. निर्वासितांच्या तळावर भिंतींवर नावं चिकटवलेली असत, ती वाचून वाचून तिचे डोळे दुखायला लागले. तिथेच तिला झेलिक भेटला. त्याची पहिली बायको आणि मुलगा गेले होते. थोडं बोलणारा, जास्त ऐकणारा माणूस. दोघांनी लग्न केलं आणि त्याच्या चुलतभावाच्या ओळखीने जहाजात बसून आमच्या गल्लीत येऊन पडली. झेलिक खांद्यावर घोंगड्या टाकून दारोदार विकायचा. वर्षभरात इथल्यासारखा झाला, काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात इथल्या ‘माते’ नावाच्या कडू चहाचा तुंबा घेऊन फिरायला लागला. फ्रूमा मात्र रोज संध्याकाळी शेजाऱ्यांच्या रेडिओला कान लावून बसायची. आमच्या यिद्दिश भाषेतल्या कार्यक्रमात हरवलेल्या माणसांची नावं वाचायचे. कोण कुणाला शोधतंय, कुठल्या गावचं, कुणाची मुलगी. नावं संपली की ती गुपचूप उठून घरी जायची आणि ताट तसंच सारून झोपायची.

अशात मुलगी झाली. गल्लीतली अर्धी पोरं जिच्या हातांत जन्मली ती सोसिया आजी बाळाला दुपट्यात गुंडाळत होती.

"नाव कुणाचं ठेवणार गं?" आजीने विचारलं.

"शिफ्रा. माझ्या बहिणीचं."

आजीचे हात थबकले. आम्हा ज्यू लोकांत नाव ठेवायचं ते गेलेल्याचंच. जिवंत माणसाचं नाव पाळण्यात घातलं की त्या माणसाला जितेपणी खड्ड्यात घातलं म्हणून समजा. आणि शिवाय मृत्यूचा दूत. तो काही फार हुशार नाही म्हणतात, नाव विचारत येतो आणि एका नावाच्या दोघी दिसल्या की हाताला लागेल तिला उचलतो.

"गेली ना गं ती नक्की?" आजी म्हणाली. "कुणी डोळ्यांनी पाहिलंय?"

"पाहिलंय."

"कुणी?"

"मी," फ्रूमा म्हणाली. चादरीचा काठ तिने मुठीत धरून पिळून टाकला होता. आजीला कुठे ठाऊक त्याचा अर्थ!

झेलिकने हळूच सुचवून पाहिलं, "माझ्या आईचं ठेवू या ना आत्ता. बहिणीचं पुढच्या वेळी."

"नाही. आत्ताच."

का एवढी घाई? तर बाई आशेला कंटाळली होती, दुसरं काही नाही. दुःख एकदा रडून मोकळं होता येतं. आशा मेली धड जेवू देत नाही, धड झोपू देत नाही. तिला ते ओझं एकदाचं खाली ठेवायचं होतं. शनिवारी प्रार्थनाघरात झेलिकला पुढे बोलावलं, मुलीचं नाव मोठ्याने जाहीर झालं, मधाचा केक आणि घोट घोट वोडका वाटली. त्या रात्री फ्रूमा पोटभर जेवली आणि गाढ झोपली. पुढे घरात रेडिओ आला, पण त्यावर नावं लागली की ती उठून तो बंद करायची. "आता कुणाला शोधायचं राहिलंय?" असं म्हणायची. आणि दर जानेवारीत, ज्या तारखेला ती त्या बराकीसमोरून चालत गेली त्या तारखेला, बहिणीच्या नावाची मेणबत्ती लावायची, गेलेल्यांसाठी लावतात ती, दिवसरात्र जळून संपणारी. इथे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, घामाच्या धारा लागतात. मेणबत्ती उभ्या उभ्या वाकायची.

मुलगी सात वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात पोरांना लुळं करणारा ताप शहरभर पसरला. आयांनी पोरं घरात कोंडून ठेवली होती. तरी शिफ्रिताला ताप भरलाच. दुकानामागच्या खोलीत ती पडली होती, पडद्याआडून तिचं कण्हणं ऐकू यायचं. झेलिक बर्फ आणायला गेला होता. तेवढ्यात दारात एक टकला माणूस उभा राहिला, हॅट छातीशी धरून.

"फ्रूमा? काचवाल्या यांकेव्हची फ्रूमा ना तू? अगं, मी हर्श-बेर! तुमच्या समोरच्या बेकरीतला!"

"हर्श-बेर?" फ्रूमा बघतच राहिली. "आणि केस कुठे गेले तुझे?"

"वाटेत सांडले," तो हसला. "अगं, मी आपल्या लोकांच्या नव्या देशात असतो आता, हैफाला. इथे भावाला भेटायला आलोय. तोंड गोड कर आधी. गोड कसलं, एक काकडीच दे! तुझी शिफ्रा हैफात आहे. धोबीखान्यात काम करते. लग्न झालंय, मुली झाल्यात. बराकीच्या खिडकीतून मागे उडी मारली पोरीने, प्रेतांत पडून राहिली रशियन येईपर्यंत. भेटेल त्याला विचारते, माझी फ्रूमा दिसली का कुठे म्हणून. मी निघालो तर मलाही बजावलं, तिकडे बघ हो."

त्या क्षणी फ्रूमाला एवढा आनंद झाला की पिंपाची कड धरावी लागली. आणि नेमकी तेव्हाच पडद्याआड पोरगी कण्हली.

फ्रूमाने पडद्याकडे बघितलं. बहीण जिवंत! म्हणजे तिने जिवंत माणसाचं नाव पाळण्यात घातलं होतं, तेही आजीने तोंडावर विचारलेलं असताना. आणि आता दूत आत पोरीच्या उशाशी उभा, एक नाव घेऊन. या नावाची शिफ्रा आपण आधीच नेलेली आहे असं त्याच्या कानावर पडायला हवं, म्हणजे काम झालं समजून तो परत तरी जाईल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते खोटं नाही. डोक्यात काय काय येऊन गेलं ते तिचं तिलाच ठाऊक.

"ती माझी शिफ्रा नाही," फ्रूमा म्हणाली.

"नाही काय? भुवई चिरलेली आहे तिची, डावी!"

"काचवाल्यांच्या गावात सगळ्यांच्याच भुवया चिरलेल्या. माझी बहीण मेली, हर्श-बेर. मी मेणबत्ती लावते तिची. आत माझी मुलगी तापाने फणफणलीय ना, तिला तिचंच नाव दिलंय मी. मेलेल्या बहिणीचं."

हर्श-बेरने पिंपातून काकडी उचलली होती, ती हातात तशीच राहिली. तो तिच्या हाताकडे बघत होता. ती एप्रन पिळत होती, धुतल्यावर पाणी काढतात तसा.

"मग तिला काय सांगू?"

"सांग, मी तिची कुणी नव्हे. दुसरीकडे शोध म्हणावं."

हर्श-बेर हॅट डोक्यावर ठेवून निघून गेला.

बरं, उपाय नव्हता असंही नाही. संध्याकाळी सोसिया आजी पोरीला बघायला आली आणि कपाळावर हात ठेवून म्हणाली, "नाव बदलून टाकू या गं हिचं. खाया ठेवू, म्हणजे जगणारी. दूत येईल, शिफ्रा कुठंय विचारेल, आपण सांगू, इथे कुणी शिफ्रा नाही, चुकलास." आमच्यात आजारी पोरांची नावं अशी पिढ्यान्‌पिढ्या बदलत आली आहेत. नाव बदललं की झालं, पोर आपली पोर आणि बहीण आपली बहीण! पण फ्रूमा हट्टाला पेटली. नाही म्हणजे नाही. ते नाव सोडलं तर बहिणीचं आपल्याकडे काय उरलं, असं म्हणाली. काय म्हणावं या बाईला? ती बहीण तिकडे हैफात जितीजागती चादरी धुतेय, आणि ही इकडे तिच्या नावाला कवटाळून बसलीय! पण स्वतः घाबरलेलं नसताना घाबरलेल्याला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

ताप उतरला. पोरीचे पाय शाबूत राहिले. फ्रूमाने मनाशी धरलं की बहीण नाकारून पोर मागितली, तो सौदा पटला. म्हणून ती तो मोडायला आणखीच भ्यायला लागली. त्या दिवसापासून तिने पोरीचं नाव तोंडातून काढलं नाही, न जाणो ऐकायला कुणी उभं असलं तर! आणि जानेवारीची मेणबत्ती? ती बंद केली तर झेलिक विचारेल. म्हणून त्याच्यासमोर लावायची, तो प्रार्थनेला बाहेर पडला की फुंकर मारून विझवायची, जिन्यावर त्याची पावलं वाजली की पुन्हा पेटवायची. जिवंत बहिणीची मेणबत्ती पूर्ण जळू द्यायला तिचा धीर होत नसे.

"यंदा पण बरीच शिल्लक राहिली," झेलिक म्हणायचा.

"वाऱ्याने विझते," फ्रूमा म्हणायची. जानेवारीत आमच्या गल्लीत पान हलत नाही. पण झेलिकने कधी वाद घातला नाही.

पोर मोठी होत गेली तशी दुताची भीती ओसरली, पण तिच्या जागी लाज येऊन बसली. हैफाला चार ओळी टाकाव्यात असं फ्रूमाला रोज वाटायचं. पीठ मळताना, मासा चिरताना ती मनात मजकूर जुळवायची. पण लिहायचं काय? तुला बराकीत सोडून मी चालत गेले, हे? तुला मेलेली धरून मी तुझं नाव वापरून टाकलं, हे? की तू जिवंत असल्याचं कळल्यावरही मी तुला ओळख दाखवली नाही, हे? यातलं एकेक सांगताही आलं असतं कदाचित. तिन्ही मिळून तिच्या लेखणीला झेपेना. उद्या लिहू, सणानंतर लिहू, पोरीची शाळा संपली की लिहू. अशी वर्षं जातात, आणि कळतही नाहीत. एका पावसाळी सकाळी झेलिक खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हातात तुंबा तसाच कोमट. त्यालाही तिने सांगितलं नव्हतं. ज्याने सगळं समजून घेतलं असतं असा गल्लीत तो एकच माणूस होता, आणि फ्रूमा त्याच्या कबरीवर आमच्या रीतीप्रमाणे खडा ठेवून हे मनातल्या मनात म्हणाली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक तरुण मुलगी दुकानात आली. केस कापलेले, पायात जाडजूड बूट, गळ्यात हाताने विणलेला मफलर. आमच्या शाळेत बालवाडीला शिकवायला हैफाहून मुलगी आलीय, हे गल्लीत फिरत होतंच. तिने पिंपातून एक काकडी उचलली आणि दाबली.

"बाई, काकडी आहे ती, जावई नाही," फ्रूमा सवयीने म्हणाली.

मुलगी हसली नाही. तिचा चेहरा बघता बघता रडवेला झाला.

"माझी आई हेच म्हणायची," ती म्हणाली. "बाजारात टोमॅटो दाबणाऱ्या बायकांना. अगदी अस्सं."

फ्रूमाने तिच्याकडे नीट बघितलं. हनुवटी थेट यांकेव्हची, फ्रूमाच्या बापाची. तिने एप्रनला हात पुसले आणि गल्ल्यावर बसलेल्या लेकीला म्हणाली, "ए पोरी, दुकान बघ जरा." मग त्या मुलीचं मनगट धरून तिला मागच्या खोलीत नेलं आणि पडदा ओढून घेतला.

"नाव काय तुझं?"

"ड्रोरा. मावशी, मी शिफ्राची थोरली."

"म्हणायची, म्हणालीस तू. आता म्हणत नाही?"

"गेल्या वर्षी गेली. धोबीखान्याच्या वाफेने छाती निकामी झाली होती तिची. शेवटी मला म्हणाली, मोंटेव्हिडिओत व्हिया मुन्योस म्हणून भाग आहे, तिथे काकडीचं दुकान शोध. म्हणून तर मी इकडची नोकरी घेतली."

फ्रूमा खाटेवर बसली. तीच खाट, जिच्यावर पोर तापाने पडली होती. बाहेर शिफ्रिता कुणाला तरी सुटे पैसे परत देत होती, तो आवाज येत होता.

"हर्श-बेरने सांगितलं असेल ना तिला?" फ्रूमाने शेवटी विचारलं. "की मी तिची कुणी नव्हे म्हणून."

"सांगितलं. मी तिथेच होते, लहान होते. आईने त्याला एकच विचारलं, 'बोलताना एप्रन चुरगळत होती का?' तो म्हणाला, चुरगळत कसला, पिळून काढत होती. आई खो खो हसायला लागली. म्हणाली, 'मग तीच ती. माझी फ्रूमा जिवंत आहे.' त्या दिवशी तिने शेजाऱ्यांना बोलावून बोलावून केक खायला घातला, आणि कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही."

"आणि मग? लिहिलं का नाही तिने? एक शिवी तरी लिहायची!"

"तुमच्या मुलीमुळे. हर्श-बेर म्हणाला होता ना, तिचं नाव शिफ्रा, आणि तापाने फणफणलीय. आई म्हणाली, 'मी पत्र टाकलं तर ही भित्री पोरीच्या काळजीने मरेल. तिच्यापुरती मी मेलेलीच बरी. पोर मोठी होऊ दे, धडधाकट बाई होऊ दे, मग मी स्वतः जाईन आणि त्या फ्रूमाच्या थोबाडीत देईन.' दर वर्षी म्हणायची, पुढच्या वर्षी जाऊ. मग आजारीच पडली."

"तीही मानायची हे? दूत, नाव, सगळं?"

"आई?" ड्रोरा डोळे पुसता पुसता हसली. "आई कशालाच मानत नव्हती, मावशी. देवालासुद्धा नाही. पण म्हणायची, 'फ्रूमा मानते ना.' "

फ्रूमाने तोंडावर हात ठेवला. पुन्हा तोच खांदा! बर्फात काखेखाली दिला होता तोच. मेल्यासारखं गप्प राहून त्या पोरीने जगाच्या दुसऱ्या टोकावरून तिला उभं धरलं होतं, आणि फ्रूमा मात्र समजत होती की आपण एकटीनेच सगळं निभावलं.

"तुम्ही बहिणी किती?" तिने विचारलं.

"तिघी."

"एकीचंही नाव फ्रूमा नाही?"

"नाही. मी झाले तेव्हा सगळे आईच्या मागे लागले होते, थोरल्या बहिणीचं ठेव म्हणून. आई भांडली सगळ्यांशी. म्हणाली, 'कुणी पाहिलंय तिला मेलेली? नाही ना? मग मी माझ्या हाताने नाही पुरणार तिला.' दोन्ही धाकट्यांच्या वेळी तेच. आजीने, माझ्या बाबांच्या आईने, दोन वर्षं अबोला धरला होता तिच्याशी."

कुणी पाहिलंय? फ्रूमाला सोसिया आजीचा प्रश्न आठवला आणि आपलं उत्तरही. मी पाहिलं, ती म्हणाली होती. जिने काहीच पाहिलं नव्हतं ती म्हणाली होती. आणि जिला सगळ्यांनी थोरली मेली म्हणून सांगितलं तिने कुणाचं ऐकलं नाही, तीन मुली झाल्या तरी फ्रूमा या नावाची जागा तशीच रिकामी ठेवली. हर्श-बेर आल्या दिवशी नुसतं हो म्हटलं असतं तर! पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, झेलिक गेला त्या दिवशीसुद्धा वेळ गेलेली नव्हती. ती हैफात होती. श्वास घेत होती, चादरी धूत होती, बाजारात बायकांना फटकारत होती, आणि थोबाडीत द्यायला यायची वाट बघत होती. ती थोबाडीत खायला फ्रूमाने आता काय वाटेल ते दिलं असतं.

ती उठून उभी राहिली. कुणाला सांगायचं, कुठे जायचं, काही सुचेना. खिडकीच्या काचेबाहेर अंगणात धुतलेल्या चादरी वाळत होत्या. आणि एकाएकी, लहानपणी नदीच्या या काठावरून त्या काठावर मारायची तशी, छाती फुटेल एवढ्या मोठ्याने तिने हाक मारली:

"शिफ्रा!"

दुकानात काहीतरी खाली पडून फुटलं. पडदा सरकला आणि फ्रूमाची लेक धावत आत आली. हात खाऱ्या पाण्याने ओले, केस तोंडावर आलेले. लहान पोरासारखी ती आईकडे बघत होती, कानांवर विश्वास न बसल्यासारखी.

"आई? मला हाक मारलीस तू? नावाने?"

ड्रोरा मान खाली घालून बसली होती. फ्रूमाने लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. एवढा आनंद तिने त्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

"हो गं," ती म्हणाली. "तुलाच."

ड्रोराची नजर तिच्या हातांकडे गेली. दोन्ही मुठींत तिने एप्रन धरला होता आणि पिळत होती.